डाव्या हाताचं ओसियो

३ जानेवारी

गजूभाऊच्या छापखान्यातून कार्डाचा नमुना आला. सुंदर. फक्त उलटा. मला ते कळायला अख्खा चहा लागला, यावरून या लिपीतली माझी गती समजावी. लिपीचा तक्ता शेजारी ठेवून एकेक अक्षर ताडून पाहिलं तेव्हा उलगडा.

गजूभाऊचं म्हणणं, लग्नपत्रिकेत गणपती असतो, तो डोक्यावर उभा दिसला की समजतं. "सर, तुमच्या चेरोकीत वर कोन असते?" वर कोणी नाही म्हटलं, सगळी अक्षरं एका पंगतीत बसतात. त्याला पटलं नाही.

संक्रांत तोंडावर. आमच्या लिपीप्रेमी मंडळाचा नेम मोडता येत नाही: दर संक्रांतीला एका लिपीच्या मानाचं कार्ड, पत्ता हाताने, टपालाने. अमरावती, अकोला, अकोट, चिखलदरा मिळून आम्ही जेमतेम डझनभर सभासद, पण शिस्त पंचायत समितीची. मोडी झाली, ब्राह्मी झाली, शारदा झाली (त्या वर्षी दोघांनी विचारलं, ही कोणाची कोण). यंदा चेरोकी. अकोल्याच्या हमीदभाईंची कल्पना, गेल्या संक्रांतीलाच ठरवून ठेवलेली. तेव्हा त्यांचा उजवा हात चालत होता.

५ जानेवारी

तक्ता पाठ करतोय. संस्कृत पाठशाळेत शिकवतो, तिथे पोरांसमोर घोकंपट्टी करायला लाज वाटते म्हणून मधल्या सुट्टीत.

अमेरिकेतल्या चेरोकी लोकांपैकी एक चांदीकाम करणारा. कुठलीच लिपी वाचता येत नव्हती. गोरे लोक कागदाशी बोलतात हे पाहिलं आणि आपल्या भाषेसाठी अक्षरं घडवायला बसला. वर्षानुवर्षं. गावाने वेड्यात काढलं. बायकोने एकदा सगळे कागद जाळले असं सांगतात. सौ.ला वाचून दाखवलं. म्हणाली, "बिचारीनं किती वाट पाह्यली असन."

ही तर बाराखडीच. एका अक्षरात व्यंजन आणि स्वर दोन्ही. पण काना-मात्रेची सोय नाही. ‘ग’ आणि ‘गि’ यांचं तोंड एकमेकांशी जुळत नाही, एका आईची लेकरं पण प्रत्येकाला वेगळं घर बांधून दिलेलं. काही आकार इंग्रजीचे उचलले, आवाज मात्र आपले भरले. डी दिसतो तो ‘अ’. एच दिसतो तो ‘मि’. इंग्रजी चांगलं येणारा इथे हमखास पडतो. मी उभा आहे. पाठशाळेत गेल्याचा फायदा पहिल्यांदाच.

नमस्काराला ओसियो. तीन अक्षरं: ओ, सि, यो. कार्डावर मधोमध तेवढंच.

६ जानेवारी

अकोल्याला फोन. हमीदभाईंची मुलगी, शबाना, बोलली. अब्बा ठीक आहेत, काका. जेवतात, भांडतात, बोलणं थोडं जड आहे पण शिव्या स्पष्ट. पेनाला मात्र हात लावत नाहीत.

उजवा हात आता चालणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय. जन्मभर रबरी शिक्के कोरणारा हात. कचेऱ्या, दवाखाने, दर्गा, सोसायट्या. मराठी, उर्दू, हिंदी, इंग्रजी. उलटं कोरायचं, सुलटं उमटवायचं. आमची ओळखही शिक्क्यावरूनच. मी पाठशाळेत नवा होतो, शिक्का करायला टाकला. शिक्क्यासोबत एक कार्ड आलं: ‘पोच द्यावी.’ त्या दोन शब्दांचं वळण असं की दुसरं कार्ड यावं म्हणून मी मुद्दाम काहीतरी शंका विचारली. तेव्हापासून दर आठवड्याला एक. वरच्या उजव्या कोपऱ्यात उर्दूत सलाम, खाली मराठीत माझी खरडपट्टी.

दसऱ्याला अर्धांगाचा झटका आला, तेव्हापासून एकही नाही.

दिवाळीत भेटलो तेव्हा म्हटलं, डाव्या हाताने लिहा, वाकडं येईल, येऊ द्या. ते म्हणाले, "डाव्या हातानं सलाम कोनी करते काय, पंडित? मंग लिवू कसा?" मी स्वतः डाव्या हातावर तीर्थ घेत नाही. दोन सोवळे समोरासमोर बसून शंकरपाळे खात राहिलो.

म्हणून या कार्डावर माझी भिस्त. बघून तरी हात शिवशिवावा. कोणताही.

८ जानेवारी

सगळी कार्डं छापून आली. प्रश्न तोच: वर कोणती बाजू? अर्ध्या मंडळाने उलटी धरली असती (सरळ धरूनही वाचली नसती, तो भाग वेगळा). तोडगा सुचला. वरचा उजवा कोपरा कापायचा. कापलेला कोपरा वर उजवीकडे धरा, की अक्षरं उभी. गजूभाऊच्या कटरमध्ये एका दाबात गठ्ठा कापून झाला. त्याने दोनदा विचारलं, "सर, बराबर हाये न?" मी म्हटलं, दाब.

तिळगुळाचा मजकूर मुद्दाम टाळला. मान एका लिपीचा, त्यात दुसरीने मध्ये बोलू नये. खाली बारीक अक्षरात मराठीत फक्त ‘हमीदभाई, अकोला’. कल्पना त्यांची, नाव त्यांचं. स्वतःवर बेहद्द खूश.

सौ. दर्यापूरला माहेरी. घरात शांतता. पत्ते लिहून पेटीत टाकली. एक कार्ड ओक्लाहोमातल्या एका चेरोकी ग्रंथालयाला, त्यांचाच नमस्कार त्यांना. हमीदभाईंचं काढून ठेवलं. ते हातात द्यायचं.

१४ जानेवारी, संक्रांत

तिळाच्या पोळ्या. सौ. सकाळीच परतली.

एकाही सभासदाचा फोन नाही. अकोटचे वकीलसाहेब एरवी कार्ड पडल्या पडल्या फोन करून चुका काढतात. चेरोकीत चूक काढता येईना म्हणून रुसले असतील.

१५ जानेवारी

उरलेली कार्डं टेबलावर होती. झाडता झाडता सौ. थबकली. केरसुणी तशीच हातात.

"कोन गेलं?"

कोणी नाही म्हटलं.

"मंग कोपरा काहून कापला?"

खाली बसलो.

मौतीच्या कार्डाचा कोपरा कापतात, हे मला माहीत नाही? वडील भिक्षुकी करत. पोस्टमनच्या हातातलं कार्ड कोपऱ्यावरून लांबूनच ओळखत. उंबऱ्याबाहेर उभं राहून वाचायचं, तिथेच फाडायचं, मग आंघोळ. असलं कार्ड घरात येत नाही. हल्ली सगळ्या खबरा फोनवर येतात, म्हणून डोक्यातूनच गेलं. आणि मी ऐन संक्रांतीला डझनभर घरांत ते पाठवलं. त्यावर वाचता येण्यासारखं एकच नाव. हमीदभाई, अकोला. जे आजारी आहेत हे सगळ्यांना ठाऊक.

फोन लावत सुटलो. चिखलदऱ्याच्या बाई म्हणाल्या, सर, मी त्या थंडीत डोक्यावरून आंघोळ केली, आता काय बोलू. वकीलसाहेब उचलेनात. त्यांच्या घरून कळलं, दोन सभासदांना घेऊन सकाळच्या एसटीने अकोल्याला गेले. मातीला.

संध्याकाळी

शबानाचा फोन. हसत होती की रडत, आधी समजेना.

तिघे दारात आले. डोक्याला रुमाल, तोंडं पडलेली. अब्बा अंगणात खुर्ची टाकून उन्हाला बसलेले. मग वकीलसाहेबांनी खिशातून रुमाल काढला आणि पुन्हा खिशात ठेवला. (डोक्याचा डोक्यावरच होता. हा दुसरा.) कार्डाची हकिगत बाहेर आली. अब्बांनी तिघांना बसवलं, चहा सांगितला आणि म्हणाले, "आता आलेच हा त काय बोलनार होते माह्याबद्दल, ते बोलून घ्या."

वकीलसाहेब वकील. तयारी करून आलेले. बोलले. काय बोलले, तर हमीदभाईंचं अक्षर. असं वळण वऱ्हाडात पुन्हा होणे नाही. बाकी दोघेही तेच. स्वभावाबद्दल कोणी काही बोललं नाही, ते एक बरं.

अब्बा आधी हसले म्हणे. मग जेवलेही नाहीत.

१६ जानेवारी

वकीलसाहेबांचा फोन. तासभर बहुधा, मी घड्याळ पाहिलं नाही. मी विचारलं, कार्ड वाचलं तरी होतं का? "वाचाले काय होतं त्यात, मास्तर? कोपरा पाह्यला, नाव पाह्यलं, फाडलं." तक्ता जोडला नव्हता ही चूक कबूल केली. बाकीच्या चुकांची यादी त्यांनीच वाचली.

गजूभाऊकडे गेलो. तो म्हणतो, मी दोनदा विचारलं होतं, सर. मग स्पष्ट बोलला का नाहीस? "मले वाटलं त्या चेरोकीत तशीच पद्धत असन."

ओक्लाहोमाच्या ग्रंथालयात तेवढं ते कार्ड कोणी फाडणार नाही. जगात एकच सुरक्षित घर.

१८ जानेवारी, रविवार

बडनेऱ्याहून गाडीने अकोला. पिशवीत संत्री. वाटेत माफीची वाक्यं जुळवली. संस्कृतात फार छान जमली, मराठीत एकही नाही.

हमीदभाई अंगणातच. "या पंडित. मातीले उशीर केला तुमी."

मी बोलायला लागलो तर डावा हात वर केला. थांबलो. संत्र्यांची पिशवी शबानाने घेतली आणि आत गेली. समोरच्या भिंतीवरचं मांजर पाहिलं दोघांनी.

मग म्हणाले, "कार्ड चुकलं नाई तुमचं. माह्या हाताचं आलं ते. सगळ्याइले समजलं, मीच तेवढा समजून नव्हतो घेत."

सुभाषित ओठावर आलं होतं. गिळलं. अशा वेळी सुभाषित म्हणणाऱ्याला लोक का टाळतात ते कळलं.

काय करावं न सुचून त्यांचं कार्ड खिशातून काढून हातात दिलं. कोपरा कापलेलंच. त्यांनी कापलेल्या कडेवरून अंगठा फिरवला. डावा. मग कार्ड उन्हात धरून ती तीन अक्षरं पाहत बसले. दुरुस्तीला आलेला शिक्का पाहायचे तसं. मी ओ, सि, यो सांगितलं. चांदीकामवाल्याची उरलेली गोष्टही सांगितली. त्याच्यावर कोणी विश्वास ठेवेना तेव्हा त्याने लिपी आपल्या लहान मुलीला शिकवली. लोकांनी बाप-लेकीला एकमेकांपासून लांब नेलं, एकाने सांगितलेलं दुसऱ्याकडून वाचून घेतलं, तेव्हा कुठे पटलं. म्हणजे त्या लिपीची परीक्षा टपालानेच झाली म्हणायची. हे ऐकून हमीदभाईंनी शबाना गेली त्या दाराकडे एकदा पाहिलं.

"याच्यात चांगलं अक्षर कसं असते?"

माहीत नाही म्हटलं.

"अन खराब?"

तेही नाही.

"अकोल्यात कोनाले माहीत हाये?"

अकोल्यात काय, अख्ख्या वऱ्हाडात कोणालाच नाही.

भिंतीवरचं मांजर निघून गेलं.

"मंग याच्यात माह्यं वळन बिघडलं, हे मले कोन सांगन?"

उत्तर दिलं असतं तर बिघडलं असतं.

"अन हा सलाम नोहे."

नमस्कार आहे, मी म्हटलं. प्रामाणिकपणा नको तिथे उपटतो.

"सलाम त नोहे न?"

नोहे.

कार्ड खिशात घातलं. खिसा डावीकडे, हात डावा, बरीच झटापट झाली. मी मदतीला उठलो नाही. शबाना चहा घेऊन दारात उभी होती, तीही तिथेच थांबली.

परतीच्या गाडीत बसायला जागा मिळाली. दिवस तसा होता.

२६ जानेवारी

पाठशाळेत झेंडावंदन. नंतर शबानाचा फोन. अब्बांनी पाटी मागितली. कागद नको म्हणाले, कागदावर राहतं. ती शिकवते त्या शाळेतून पाटी आणि खडू घेऊन आली. दार लावून बसतात. कोणी आत गेलं की पाटी छातीशी.

तक्ता टपालाने पाठवला. पाकिटात. पाकिटाचे चारी कोपरे सौ.ने तपासले.

२ फेब्रुवारी

फेरछपाईची कार्डं सगळ्यांना गेली. चारी कोपरे शाबूत. यावेळी खाली मराठीत तिळगूळही घातला, मान गेला तरी चालेल. गजूभाऊने न विचारता वर एक बाण छापला. बाणाच्या टोकाशी शब्द: ‘वर’. मंडळाच्या इतिहासातली सर्वात उपयुक्त लिपी.

वकीलसाहेबांचा निरोप: पोचलं, सरळ धरलं, तरी वाचता येत नाही, पण आंघोळ लागली नाही.

९ फेब्रुवारी

‘ओ’ जमला म्हणे. आठवडाभर नुसता ‘ओ’. शबानाने दाराच्या फटीतून पाहिला. गोल कमी, बटाटा जास्त. ‘सि’ सोपं आहे, इंग्रजी बी-सारखं. ‘यो’वरून चिडचिड चालू आहे. परवा जोरात म्हणाले, या मानसाले दुसरं अक्षर सुचलं नाई काय. शबाना म्हणते, काका, शिक्के कोरताना ग्राहकाच्या नावावर असेच चिडायचे. पहिल्यांदाच ऐकलं दसऱ्यानंतर.

मी नेहमीसारखं दर आठवड्याला कार्ड टाकतोय. पोच मागत नाही.

१५ फेब्रुवारी

वकीलसाहेबांकडे कोणीतरी बातमी फोडली. (मीच.) ते पाटी पाहायला अकोल्याला जायला निघाले होते. थांबवलं. त्यांचा युक्तिवाद, मी त्यांच्या अक्षरावर मरणोत्तर भाषण केलं आहे, माझा हक्क आहे. हक्क आहे, पण नका जाऊ म्हटलं. पहिल्यांदाच माझं ऐकलं.

२२ फेब्रुवारी

रोजे सुरू झाले. शबाना सांगत होती, अब्बांना डॉक्टरांनी मना केलंय, त्यावरून घरात रोज वाद, पहाटे सहेरीच्या जेवणाला उठून बसतात आणि सगळ्यांना सूचना देतात.

चार दिवस पाटी भिंतीकडे तोंड करून ठेवलेली. खडू तसाच. तिने विचारलं तर म्हणाले, "झालं ते बस झालं. पोराचा खेळ हाये."

वाईट वाटलं. माझंच चुकलं असेल. तीन अक्षरांवर किती ओझं टाकायचं.

सौ. म्हणाली, तुमी बाराखडी किती दिवसात शिकले होते? आठवत नाही म्हटलं. "मंग?" म्हणाली आणि वाटाणे सोलत राहिली.

३ मार्च

फोन. शबाना हळू आवाजात. पाटी साफ करायला घेतली तर नुकतीच पुसलेली. फडक्याने नाही, तळव्याने. खडूची धूळ बरीच, खाली पुसट रेघा उरलेल्या. ती म्हणते, काका, तुमची ती लिपी डावीकडून सुरू होते ना? हो म्हटलं. "हे उजव्या बाजूनं सुरू झालेलं होतं."

मग दोघांनी उन्हाळा लवकर आला यावर चर्चा केली.

११ मार्च

काही नाही. कार्ड टाकलं. उन्हं कडक. पाठशाळा सकाळची झाली.

१८ मार्च

उद्या पाडवा. आंब्याची पानं आणायला गेलो होतो. परत आलो तर सौ. उंबऱ्यात उभी, पोस्टमन फाटकाशी, दोघांच्या मध्ये पायरीवर एक कार्ड. कोणी हातात घेतलेलं नाही. कोपरा कापलेला.

सौ.चं तोंड उतरलेलं. पोस्टमन म्हणाला, सर, मी घरात देत नव्हतो.

पत्ता शबानाच्या अक्षरात. अकोल्याचा शिक्का. उचलताना माझाही हात थोडा थांबला, खोटं कशाला लिहू.

उलटवलं.

मधोमध तीन अक्षरं. शाईची, मोठी. ‘ओ’ अजून बटाटाच. ‘सि’ जरा ‘यो’च्या अंगावर रेललेलं, एसटीत शेजाऱ्याच्या खांद्यावर डोकं टाकावं तसं. ‘यो’ चांगला. किंवा वाईट, मला कुठे कळतं. खाली मराठीत, तसंच लोळत: ‘पोच द्यावी.’

सौ.ला वाचून दाखवलं. पायरीवरच बसली. मग हसू आलं तिला. पोस्टमनने विचारलं, खुशीचं हाये न? मग ती त्याच्यासाठी पाणी आणायला आत गेली.

मी कार्ड उन्हात धरून पुन्हा पाहिलं. हमीदभाईंनी गंमत केली, माझाच कोपरा मला परत केला, असं वाटलं होतं. पण गजूभाऊच्या कटरसारखा तो सरळ कापलेला नाही. कात्रीने, डाव्या हाताने, दोन-तीन झटक्यांत. वरचा उजवा. जिथे इतकी वर्षं उर्दूत सलाम असायचा.

आणि कापलेल्या कडेला, आतल्या बाजूला, शाईची एक बारीक रेघ उरली आहे. खाली वळलेली. त्यांच्या कार्डांवर ती हजारदा पाहिलेली आहे. सलामाच्या शेवटी येणाऱ्या ‘मीम’ या उर्दू अक्षराची शेपटी.

म्हणजे लिहिला होता.

मग पसंत पडला नाही, की डाव्या हाताचा म्हणून पाठवायला धजले नाहीत, की आणखी काही. फोनवर विचारणार नाही. शबानालाही नाही.

सौ. कार्ड घरात घेऊन आली. गुढीच्या पाटाशेजारी ठेवलं. फाडायचं नाही का, मी विचारलं. तिने उत्तर देण्याइतका मान दिला नाही.

शनिवारी ईद, चंद्र दिसला तर. शीरखुर्म्याचं आमंत्रण दरवर्षी असतं, यंदा मी आपणहून जातोय. पोच लिहून ठेवली, ती हातातच देईन: ‘कार्ड मिळालं. कोपरा तिकडेच राहिला आहे. घ्यायला येतो.’